भाविक मेंढ्यांसाठी 'जावई पडला चिखलात'

एका जंगलात, बाळांनो, हसण्याची मुळीच कमतरता नव्हती. हुंदडोबा माकडाची नाटक मंडळी होती ना तिथे! तिचे नाटक एकच, 'जावई पडला चिखलात'. जावई सासरी येतो, चिखलात पडतो, उठतो, पुन्हा पडतो. सासरा त्याला काढायला जातो आणि स्वतःच पडतो. मग कुणाचे तरी धोतर सुटते. बस्स, एवढेच. पण हत्तीसुद्धा हसून हसून खाली बसत. त्यांना उठवायला मग बाकीचे प्रेक्षक लागत.

हुंदडोबा हशावर जगत असे. केळे नसले तरी त्याचे चाले. हशा नसला की त्याला ताप भरे.

आणि एक दिवस पंचाईत झाली. साऱ्या जंगलाने नाटक पाहून संपवले. जावई पाय उचलायच्या आधीच हत्ती म्हणू लागले, "आता पडणार." हशा आटला.

"रंभाताई, पुन्हा हशा आला नाही तर मी नाटक सोडीन," हुंदडोबा म्हणाला. "मामाकडे जाऊन चिंचा राखीन."

रंभाताई ही कोल्हीण. मंडळीची जाहिरात तिच्याकडे होती.

"अरे, टेकडीवरच्या मेंढ्या राहिल्यात की!"

"त्या? त्या भाविक आहेत, ताई. नाटक म्हटले की कान पाडून बसतात."

"मग नाटक म्हणायचेच कशाला?"

रंभाताई टेकडीवर गेली आणि झुडपाआडून बघत बसली. कळपाची एक रीत होती. नवे गवत आधी गंभीरराव एडके चाखत. डोळे मिटून चघळत आणि शेवटी "बें" म्हणत. मगच बाकीच्या तोंड लावत. नवी वाट असो, नवे भजन असो, आधी गंभीररावांचे "बें".

"म्हणजे गिऱ्हाईक एकच आहे!" असे म्हणून रंभाताईने उडीच मारली.

आता नाटकात एक जागा अशी होती. सासूबाई जावयाला कारल्याची खीर वाढतात. ती पाहून जावई हात जोडतो, डोळे मिटतो आणि कळवळून म्हणतो, "देवा, आता तूच सोडव!" रंभाताईने टेकडीवर तेवढाच तुकडा करून दाखवला. खीर दाखवली नाही.

"अगं बाई!" शांताकाकू मेंढी म्हणाल्या. "केवढी ती तळमळ!"

मग एकट्या गंभीररावांसाठी खास खेळ ठरला. ते दगडासारखे बसले. जावई पडला, त्यांचा कान हलला. सासरा पडला, त्यांना खोकला आला. धोतर सुटले मात्र, आणि गंभीरराव चारी खूर वर करून गडाबडा लोळू लागले.

"मला हे पुन्हा बघायचे आहे," ते धापा टाकत म्हणाले. "पण कळपाला काय सांगू?"

"सांगा, चिखल म्हणजे मोह," रंभाताई म्हणाली.

"आणि धोतर?"

"अहंकार, महाराज."

"ते तर सुटते!"

"सुटायलाच हवे ना!"

गंभीररावांनी डोळे मिटले. थोडे चघळल्यासारखे केले. म्हणाले, "बें."

नाटकातला एक शब्दही बदलला नाही, बाळांनो. बदलली फक्त पाटी. 'हसून हसून शेपूट गळेल' हे पुसून रंभाताईने लिहिले, 'सहकुटुंब चिंतनासाठी'. शिवाय प्रत्येक मेंढीला पळसाचे पान दिले. त्यावर घरी चर्चा करायला प्रश्न होते. जावई पुन्हा पुन्हा का पडतो? आपण शेवटचे कधी पडलो?

सगळा कळप आला. हुंदडोबाने अंगात आल्यासारखे काम केले. तो पडला. मेंढ्यांनी सुस्कारा सोडला, "मोह!" सासरा पडला. "मोठमोठ्यांना सुटत नाही हो!" धोतर सुटले आणि सगळ्या माना एकदम खाली गेल्या. शांताकाकू तर रडल्याच.

हुंदडोबा घाबरला. तो उलटा पडला, झाडावरून पडला, नाटकात नव्हते तिथेही पडला. तो जितका पडे तितका कळप गंभीर होई. मेंढ्या रोज येत. त्यांचे ऐकून नदीकाठच्या शेळ्याही पाने मागू लागल्या. रंभाताई आनंदाने गिरक्या घेत होती. हुंदडोबाला सणकून ताप भरला.

खेळ संपल्यावर त्याने गंभीररावांना गाठले.

"अहो, त्या दिवशी तुम्ही लोळत होतात! तुम्ही तरी हसा की!"

"हळू बोल रे बाबा! हसू आवरायला शेजारणीची लोकर तोंडात धरतो मी. शांताकाकूंची पाठ बघ, निम्मी उघडी पडलीय. त्यांना वाटते, त्यागाची सुरुवात झाली."

हुंदडोबाने ठरवले, आता शेवटचे. दुसऱ्या दिवशी तो रंगाशिवाय, शेपटी खाली सोडून पुढे आला. त्याने हात जोडले.

"मेंढीताईंनो, खरे सांगतो. या नाटकात काहीसुद्धा अर्थ नाही. चिखल म्हणजे चिखल. धोतर म्हणजे धोतर. मी तुम्हाला हसवायला पडतो हो!"

मेंढ्यांनी पळसाची पाने उलटसुलट करून पाहिली. मग शांताकाकूंच्या नाकातून फुर्रकन आवाज आला.

"अर्थ नाही म्हणे!"

"धोतर म्हणजे धोतर! अगं, मला धर गं!"

कळपाला हसू फुटले. मेंढ्या एकमेकींवर कोसळल्या. गंभीररावांनी लोकर सोडली आणि मनसोक्त लोळून घेतले. "अहो, मी गंमत करत नाही!" हुंदडोबा ओरडला, तेव्हा तर दोघीतिघी टेकडीवरून गडगडत खाली गेल्या. त्याला रडू फुटले. त्याच्या रडण्याला सगळ्यात मोठा हशा आला.

आणि काय सांगू, बाळांनो, त्याचा ताप झर्रकन उतरला!

"उद्या हेच पुन्हा म्हणाल ना?" शांताकाकूंनी डोळे पुसत विचारले.

हुंदडोबाने नाक पुसले. "म्हणेन की," तो म्हणाला. "रडू का थोडे जास्त?"

रंभाताई तोवर पाटी पुसायला धावली होती.

तात्पर्य : भाविकांना जरूर हसवावे, पण त्यासाठी विनोद करू नये. विनोद केल्यास ते चिंतन करतात. त्यांना कळवळून खरे सांगावे.