मास्तरांचा उजवा पाय

गोटीची शाळा घरी आली आणि जेवणाच्या टेबलाच्या वाटण्या झाल्या. खिडकीकडची बाजू गोटीला मिळाली, कारण मुलांचे चेहरे बाईंना स्पष्ट दिसले पाहिजेत अशी शाळेची सूचना होती. भिंतीकडची बाजू तिच्या आईला. आई कपडे धुण्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीत तक्रारी ऐकायची. दिवसभर गोड आवाज ग्राहकांना वाटायची आणि उरलासुरला घरच्यांसाठी ठेवायची. मधल्या जागेवर सगळ्यांनी जेवायचं असं ठरलं होतं, पण तिथे वायफायच्या डब्याने बस्तान बसवलं आणि जेवण मांडीवर आलं. डब्याची वायर टेबलाखाली एका एक्स्टेन्शन बोर्डाला जोडली होती. त्या बोर्डाला बिस्किटाएवढं एक गोल बटण होतं. एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू.

गोटीच्या वडिलांना टेबल लागत नव्हतं. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पण त्यांचा खडूशी कधी संबंध आला नव्हता. ते गाडी चालवायला शिकवायचे. साथीमुळे रस्तेच बंद, म्हणून ड्रायव्हिंग स्कूल बंद, म्हणून मास्तर घरी. मालकांचा अधूनमधून फोन यायचा, "मास्तर, सगळे कॉम्प्युटरवर शिकवायला लागलेत. आपणही निदान नियम तरी शिकवू." मास्तर म्हणायचे, "बघतो ना साहेब. सध्या लेकीच्या शाळेत अडकलोय."

यात खोटं काही नव्हतं. ते अडकले होतेच. शाळेच्या समुपदेशकांनी पालकांची एक ऑनलाइन सभा घेतली होती, कुटुंबाचं स्वास्थ्य कसं सांभाळावं यावर. समुपदेशक तरुण होते आणि त्यांच्या मागे कुंडीतलं एक अतिशय शांत झाड होतं. ते म्हणाले, "मुलांना उत्तरं सांगू नका. ओरडू नका. फक्त शेजारी बसा. आपल्या बाजूला कुणीतरी आहे, एवढं कळलं तरी मुलांना पुरतं."

"एवढंच?" मास्तर बायकोला म्हणाले. "अगं, शेजारी बसायचाच तर मी पगार घेतो."

तेही खरं होतं. सगळी हयात त्यांनी घाबरलेल्या माणसाच्या शेजारच्या सीटवर काढली होती. शिकवण्याच्या गाडीत त्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला, समोर म्हैस आली, की मास्तरांचा उजवा पाय आपोआप तो ब्रेक दाबायचा. आपोआप म्हणजे खरोखरच आपोआप. पाय आधी निर्णय घ्यायचा आणि मग मास्तरांना कळवायचा. शिवाय त्यांचा नियम होता, ब्रेक दोनदा दाबायचा. एकदा गाडी थांबायला आणि एकदा मनाला बरं वाटायला. त्यांच्या गाडीवर कधी ओरखडा पडला नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय ते आपल्या डोक्याला देत.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गोटीच्या शेजारी बसले. वर्ग सुरू झाला. हजेरी झाली, प्रार्थना झाली, एका मुलाचं मांजर सगळ्यांनी पाहून झालं. मग बाई म्हणाल्या, "गोटी, सात आठे किती?"

गोटीने वर छताकडे पाहिलं. मास्तर तिच्या शेजारी ताठ झाले. आणि पडद्यावरच्या बाई उघड्या तोंडाने जागच्या जागी गोठल्या.

"नेट गेलं," गोटी म्हणाली.

"माझाही फोन कटला," भिंतीकडून आई म्हणाली. "एका ग्राहक बाईंचं मशीन स्वयंपाकघरभर फिरतंय, आणि मी त्यांना अर्ध्यात सोडलं."

वायफायचा डबा डोळे मिचकावत पुन्हा जागा झाला. पण तो सावकाश उठणाऱ्यांपैकी होता. वर्ग परत दिसायला लागला तेव्हा बाई भूगोलावर पोहोचल्या होत्या.

हे एकदा झालं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण ते रोज व्हायला लागलं. आणि गंमत अशी, की "आज कोणता वार?" असं विचारलं तर नेट ठणठणीत असायचं. गोटीने छताकडे पाहिलं, की जायचं.

"गोटी," एके दिवशी बाई म्हणाल्या, "सोप्या प्रश्नांना तुझं नेट फार छान चालतं हं."

वर्ग हसला. ऑनलाइन वर्ग हसतो तेव्हा आवाज येत नाही, नुसते दात दिसतात. ते जास्त लागतं.

मास्तर कामाला लागले. त्यांनी इंटरनेटवाल्यांना फोन लावला.

"सर, डबा एकदा बंद करून चालू करून बघा," तिकडून सल्ला आला.

"अहो, तो स्वतःच करतो ते. दिवसातून चारदा."

"मग तर तो व्यवस्थित आहे सर."

मास्तरांनी डबा कपाटावर ठेवून पाहिला, पातेल्यावर ठेवून पाहिला, त्याची वायर बदलली. शेवटी जिना चढून ते वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या काकांकडे गेले आणि दाराबाहेर अंतर राखून म्हणाले, "तुम्ही गणिताच्या तासाला तुमचं नेट जरा कमी वापराल का?" काकांनी दार लावून घेतलं. पूर्वी ते निदान हात तरी हलवायचे.

इकडे आईला तिच्या साहेबीणबाईंनी समज दिली. "ग्राहक चिडला की तुमचा फोन कटतो, असं दिसतंय. काही त्रास आहे का घरी?" आईने तिथेही गोड आवाजात "नाही मॅडम" म्हटलं आणि नंतर एक कपाट इतक्या जोरात लावलं की आतली बरणी बोलली.

गोटी मात्र गप्प व्हायला लागली. दूध अर्धं ठेवायची. वर्ग सुरू व्हायच्या आधी वही उघडून परत मिटायची. मास्तरांनी ते पाहिलं आणि एकच निष्कर्ष काढला: पोरीला आधार कमी पडतोय. त्यांनी खुर्ची अजून जवळ घेतली.

शेवटी शाळेने समुपदेशकांना मध्ये घातलं. संध्याकाळी सगळं कुटुंब पडद्यासमोर बसलं. शिवणयंत्र थांबवून गोटीची आजीही येऊन बसली. आजी म्हणजे मास्तरांची आई. ती सगळ्या इमारतीसाठी मास्क शिवत होती आणि कुणाचं नाक केवढं आहे याची तिला आता पक्की माहिती झाली होती.

समुपदेशकांनी गोटीची चौकशी केली, आईची केली, आजीची केली. झाडही लक्ष देऊन ऐकत होतं. मग ते म्हणाले, "आणि मास्तर, तुमचं काय? गाडी बंद, काम बंद. मालक ऑनलाइन शिकवा म्हणतात असं तुमच्या मिसेस म्हणाल्या. भीती वाटते का त्याची?"

समुपदेशक आणि झाड, दोघेही गोठले.

"बघा," मास्तर मोकळा श्वास सोडत म्हणाले, "आता तर यांच्यासमोरच गेलं. पटलं असेल त्यांना."

त्यांना पटलं होतं, पण वेगळंच. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंचा फोन आला. बोलताना त्या फार जपून बोलत होत्या. समुपदेशकांचं मत असं पडलं होतं, की अवघड प्रश्न आला की तोंड चुकवायची या घराला सवय आहे, आणि मूल जे बघतं तेच शिकतं. गोटीची तोंडी परीक्षा आता खुद्द मुख्याध्यापिका घेणार होत्या. "आणि तेव्हाही ती गायब झाली, तर तीच मुद्दाम बंद करते असं धरून चालावं लागेल," बाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतं. गुणी मुलगी आहे."

गोटीने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी खोटारडी." रडली असती तर बरं झालं असतं. ती वही आवरायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आईने रजा टाकली आणि सराव घ्यायचं ठरवलं. आई मुख्याध्यापिका झाली. तिला फारसा अभिनय करावा लागला नाही. नेटची परीक्षाही व्हावी म्हणून तिने आतल्या खोलीतून फोनवरून गोटीला व्हिडिओ कॉल लावला. मास्तर शेजारी, इस्त्रीच्या शर्टात. तेवढ्यात आजीच्या दोऱ्याचं रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं आणि आजी कुरकुरत त्याच्या मागे गेली.

"गोटी," आतून आवाज आला, "सात आठे?"

गोटीने छताकडे पाहिलं. डब्यावरचे दिवे गेले, आले, मिचकावायला लागले.

"झालं," गोटी म्हणाली.

टेबलाखालून आजीचा आवाज आला. "अरे, हा पाय कुणाचा?"

"कुठला?"

"उजवा."

"माझाच असेल. का?"

"काय करतोय तो?"

"काही नाही. नुसता आहे."

"तुला काय माहीत? तू वर आहेस," आजी म्हणाली. शिवणयंत्राच्या पायडलवर तिचं आयुष्य गेलं होतं. पाय मालकाला न विचारता काय काय करतो हे तिला शिकवावं लागत नव्हतं. "सूनबाई, बाहेर ये आणि पोरीला पुन्हा विचार. आणि सगळ्यांनी खाली बघा."

आई आली. तिने खाली वाकून विचारलं, "सात आठे?" गोटीनेही खाली वाकून छताऐवजी फरशीकडे पाहिलं. फक्त मास्तर वर, ताठ, समोर नजर लावून बसले होते. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच उचलला गेला, त्या गोल बटणावर टेकला आणि दाबून सुटला. एकदा गाडी थांबायला. आणि एकदा मनाला बरं वाटायला.

आई टेबलाखालून सावकाश वर आली.

"अहो," आई म्हणाली. त्या एका शब्दात कपडे धुण्याच्या मशीनच्या झाडून सगळ्या तक्रारी होत्या.

"मी नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांनी वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं, चोर ओळखीचा निघावा तसं. "समोर धोका दिसला की... सवय आहे गं त्याला. पोरगी अडखळली की मला वाटतं आता धडकणार."

"म्हणजे मी नव्हते?" गोटीने विचारलं.

"नाही गं बाळा. बाबा होता," मास्तर म्हणाले.

"आणि समुपदेशकांनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही बाबाच," आजी रीळ झटकत म्हणाली. "तो ब्रेक त्याने स्वतःसाठी मारला."

गोटी हसायला लागली. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे. हसता हसता तिला उचकी लागली, मग आई हसली, आणि मास्तरांना हसावं की शरमावं हे ठरेना म्हणून त्यांनी दोन्ही केलं. रात्री गोटी सगळं दूध प्यायली.

"उद्या तुम्ही आत बसा. दार लावून," आईने हुकूम सोडला.

"नाही," गोटी म्हणाली. "बाबा शेजारीच बसणार. फक्त पाय आपण बघू."

सकाळी बोर्डावर आजीने पातेलं पालथं घातलं आणि मास्तरांच्या उजव्या पायाखाली एक जाड उशी दिली. "दाबायचं तर ही दाब," ती म्हणाली. "नाही दाबलंस तर तुझं डोकं फिरेल."

मुख्याध्यापिका पडद्यावर आल्या. चष्मा, आणि मागे ट्रॉफ्यांचं कपाट. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"सात आठे?"

गोटीने छताकडे पाहिलं. उशी दोनदा दबली. डबा शांतपणे चालू राहिला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. गाडी समोरच्या भिंतीकडे चालली होती आणि त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"छप्पन्न," गोटी म्हणाली.

ती अडकलेली नव्हतीच. ती छतावर हिशेब करत होती.

पुढे भाषा झाली, भूगोल झाला. मग मुख्याध्यापिकांनी चष्मा सारखा केला. "पृथ्वी एवढी गरागरा फिरते, तर आपल्याला चक्कर का येत नाही?"

गोटीने छताकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. उशीतून थोडा कापूस बाहेर आला.

"बाई, हे मला येत नाही," गोटी म्हणाली. "मी शोधून उद्या सांगू?"

मास्तरांनी डोळे मिटले. काही आदळलं नाही. काच फुटली नाही. मुख्याध्यापिकांचा आवाज आला, "जरूर सांग. मलाही नीट ठाऊक नाही. आणि आज तुझं नेट बरं आहे."

"हो बाई. आज बाबांचा पाय उशीवर आहे."

मुख्याध्यापिकांनी बराच अनुभव गाठीशी असल्यामुळे पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर मास्तरांकडे कुठलंच कारण उरलं नाही. आईने साहेबीणबाईंना आणि बँकेतल्या काकांना खरं काय ते सांगून टाकलं होतं. काका पुन्हा हात हलवायला लागले होते. मालकांनी दिवस ठरवला. टेबलाची खिडकीकडची बाजू त्या दिवशी मास्तरांना मिळाली. इस्त्रीचा शर्ट आधीच तयार होता. पडद्यावर शिकाऊ माणसांचे चेहरे एकेक करून उगवले आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. गोटी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"तुला काय काम इथे?"

"काही नाही. उत्तरं सांगणार नाही. नुसती बसणार."

पहिल्याच माणसाने विचारलं, "सर, गाडी नसताना गाडी कशी शिकवणार?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय टेबलाखाली बटण शोधायला लागला. बटण नव्हतं. बोर्ड गोटीच्या खुर्चीखाली होता, तिच्या दोन पायांच्या मध्ये.

"सावकाश," गोटी कुजबुजली. "कुणी मागून हॉर्न देत नाहीये."

"गाडी नंतर," मास्तर म्हणाले. "आधी शेजारी कसं बसायचं ते सांगतो." आणि त्यांना वाट सापडली. ते आरशांवर बोलले, वळणांवर बोलले, घाबरलेल्या माणसांवर बोलले. लोक हसले, वह्या निघाल्या. मास्तर खुलले. त्यांनी म्हशीचा किस्सा सांगितला. मग दुसऱ्या म्हशीचा. मग आपण मनात आणलं असतं तर शर्यतीत कसे उतरलो असतो ते सांगायला त्यांनी घसा साफ केला, आणि पडद्यावरचे सगळे चेहरे जागच्या जागी गोठले.

मास्तरांनी डब्याकडे पाहिलं. एकही दिवा नव्हता. त्यांनी गोटीकडे पाहिलं. ती समोर नजर लावून ताठ बसली होती.

"बाबा, स्पीड फार वाढला होता," ती म्हणाली.

मास्तरांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "बरं, आता दुसऱ्यांदा दाब."

"दाबते," गोटीने ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "आधी पाणी प्या."