लाल दोऱ्याची पिशवी

“सर, यंदा शेंग फुटणार नाही म्हणजे नाही! उद्या बीच आणून तुमच्या टेबलावर ठेवते!”

अश्विनीने फोनवर आपल्या मार्गदर्शक सरांना असं काही ठणकावलं, की ओट्यावर डुलक्या घेणारी कोंबडी फडफडत अंगणात पडली.

बोलायला तिला आधार होता. विद्यापीठातली शेंगा वाळवायची भट्टी बिघडली, पाळणाघर बंद पडलं, तेव्हा नुकतीच चालायला लागलेली लेक संस्कृती एका काखेत आणि सोयाबीनच्या शेंगा दुसऱ्या काखेत मारून ती बेलापूरला माहेरी आली होती. न्हाणीघराच्या पत्र्यावर ऑक्टोबरात पापड भाजून निघतो. भट्टी हवी कशाला? एकेका झाडाच्या शेंगा एकेका कागदी पिशवीत घालून तिने पत्र्यावर मांडल्या.

सोयाबीनची शेंग वाळली, की तिची टरफलं पीळ खातात आणि तट्‌कन दाणे उधळून मोकळी होतात. न फुटण्याचा गुण असतो, पण मोठा लाजाळू! आई-बाप दोघांकडून आला तरच तोंड दाखवतो. अश्विनीच्या संकराच्या पहिल्या पिढीत तो असा दडी मारून बसला, की सगळी झाडं फुटकी. यंदा दुसरी पिढी. बाकीच्या पिशव्या दिवसभर फुटाण्याच्या भट्टीसारख्या तडतडत होत्या. लाल दोऱ्याची एकच पिशवी गप्प होती. हे झाड हातचं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

तो तडतडाट कानावर आला, की तिला वडील आठवत. ती शाळेत असताना एकदा काढणीला बाया मिळेनात आणि भर उन्हात उभं रान तडतडायला लागलं. वडील बांधावर उभे. “ऐक, आपलं रान कसं खदाखदा हसतंय,” म्हणाले. मग आई आणि ती जमिनीच्या भेगांतून दाणे वेचत बसल्या. पीळ खाल्लेली टरफलं तिने वेणीत खोवली होती, कुरळे केस म्हणून. वडील त्या दिवशी हसले ते तेवढ्यासाठीच.

फोन ठेवून ती शिडीवर चढली. लाल दोऱ्याची पिशवी नव्हती!

खाली शेजारच्या मच्छिंद्रची शेळी कागद चघळत उभी. कागदावर अश्विनीचं अक्षर!

तिने उडी मारून शेळीचा जबडाच धरला.

“ताई, दात कशाला बघता?” मच्छिंद्र धावत आला. “इकायची न्हाई ती!”

“माझं झाड खाल्लंय तिनं! शेंगा कुठायत?”

“आता गेल्या पोटात. उद्या सकाळपतूर येतील बाहीर.”

“मग बांधून ठेवा! तिची एकही लेंडी इकडंतिकडं जाता कामा नये!”

मच्छिंद्र दोन पावलं मागे सरला. “विद्यापीठात ह्याचा पन अभ्यास आस्तो व्हय?”

तेवढ्यात फाटकाशी आवाज आला. छुन्‌, छुन्‌, छुन्‌. आई, गोजरबाई, नातीला आळीभर मिरवून आणत होती. संस्कृती प्रत्येक पाऊल पहिलवानासारखं आपटत होती. पायांत लाल दोरा, दोऱ्यात ओवलेल्या शेंगा!

“आई! हे काय?”

“घागऱ्या. तुला न्हाई का बांधायची मी, तागाच्या वाळल्या शेंगांच्या? तू चालायला लागलीस तवा साऱ्या आळीला कळायचं, आली बया म्हनून.”

“अगं, पण ह्याच शेंगा का?”

“मग कंच्या? बाकीच्या कशा झ्याक तडकल्या! ही येकच पिशवी नासली, येकबी शेंग उकलंना. म्हनलं, लेकीचं सरापुढं हसं नको. शेंगा पोरीला, कागद शेळीला.”

अश्विनीने लेकीचा पाय मांडीवर घेऊन शेंग न्‌ शेंग तपासली. आळीभर फिरताना दगड, फरशी, डांबरी रस्ता सगळं तुडवून झालं होतं. एकही उकलली नव्हती!

“आई, ह्या न फुटणाऱ्याच हव्या होत्या गं मला. ह्यासाठीच तर चाललंय सगळं!”

गोजरबाईला खरं वाटेना. तिने एक शेंग तोडून नख लावलं. मग दाढेखाली धरली. “मेली उकलंना की गं!”

मग तिने ती तळहातावर घेतली आणि बराच वेळ नुसतीच फिरवत राहिली.

“ह्यांच्या येळंला असती तर,” म्हणाली, आणि पदराने शेंगेची धूळ पुसली.

फोन वाजला. सर.

“मघाशी राहिलंच, अभिनंदन अश्विनी! किती तापमानाला ठेवल्या होत्या? किती तास?”

अश्विनीने अंगणात पाहिलं. आजी दोरा सोडवायला वाकली होती आणि नात तिच्या झिंज्या धरून भोकाड पसरत होती. दोघींचा हट्ट अगदी एका वाणाचा. आपल्यात तो कुठे दडून बसला होता, देव जाणे!

“सर, तापमान नंतर सांगते. आणि बी उद्या अर्धंच आणते.”

“अर्धं का?”

“एक पाय सुटलाय सर. दुसरा देत नाहीये.”