भाईंचं अर्धं गाऱ्हाणं

सुनीतीला वेंगुर्ल्याच्या एका शाळेत नोकरीचा हुकूम आला, आणि मुलगी शहाणी नक्की कधी होते यावर मसुऱ्याच्या त्या घरात आठ दिवस वाद चालला. तिचं अठरावं सरलं होतं. तिचे वडील भाई कचेरीत कारकून. त्यांचं म्हणणं, सरकार एकवीस वर्षांखालच्या माणसाला मत विचारत नाही, तर आपण का विचारावं? (तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं; पण हुकूमही सरकारनेच पाठवला होता, हे ते सोयीस्कर विसरले.)

माहेरपणाला आलेली त्यांची थोरली बहीण अक्का माजघरातून म्हणाली, "मी तेराव्या वर्षी सासरी गेलंय रे. तेवा शाणी झालंस काय, म्हणान माका कोणी इचारूक नाय."

सोमवारी हजर व्हायचं होतं. शेवटी अक्कानेच सुचवलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालू आणि जे होईल ते मानू. भाई लगेच कबूल झाले. गाऱ्हाणं घरचा कर्ता पुरुष घालतो, म्हणजे तेच. ते जे मागतील त्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. आजवर कुणी 'नाय' म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. भाईंनी मनात बेत केला, देवाकडे तीन वर्षांची मुदत मागायची आणि ती सर्वानुमते मंजूर करून घ्यायची.

रविवारी सकाळी शेजारचे दत्ताराम आणि शेवंती आले. भाईंनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या घरात…"

आणि भाई अडले. इतकी वर्षं त्यांची बायको सीता त्यांच्यामागे उभी राहून पुढचं वाक्य हळूच सांगायची, आणि लोक भाईंच्या पाठांतराचं कौतुक करायचे. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. भाई सवयीने मान किंचित मागे कलवून थांबले. दत्तारामने दोनदा उगाच 'व्हय म्हाराजा' म्हणून पाहिलं.

"तुका नारळ ठेवलो आसा," मागून हळू आवाज आला. सुनीती होती. शब्द तिच्या आईचे, थांबणंही आईचं.

भाईंनी ते म्हटलं. मागून पुढचं आलं, "तो मान्य करून घे." तेही म्हटलं. गाडी अशी रुळाला लागल्यावर भाई मागून आलेलं पुढचं वाक्यही खणखणीत आवाजात बोलून गेले, "माजा चेडू सुनीती वेंगुर्ल्याक नोकरीक जाता आसा, तेची राखण कर."

"व्हय म्हाराजा."

आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, पण देवापुढे बोललेलं मागे घेण्याची सोय नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना ते घ्यायचंही नव्हतं. दीड वर्षाने कुणीतरी पाठीशी उभं राहून त्यांना सांभाळून नेलं होतं. जिला सांभाळायला म्हणून ते घरात ठेवणार होते, तिनेच. आता एक वाक्य तरी आपलं स्वतःचं बोलावं, असं त्यांना फार वाटलं.

"देवा, तू माका खूप दिलंस," ते म्हणाले. "आता घरात मी एकटो. एवढो मोठो झालंय, तर माका आता…"

पुन्हा अडले. सुनीतीलाही पुढचं ठाऊक नव्हतं.

"…शाणो कर रे महाराजा," अक्काने पुरं केलं.

त्या 'व्हय म्हाराजा'ला जेवढा आवाज चढला, तेवढा त्या घरात पूर्वी कधी चढला नव्हता.