फुटाण्यांवरचा निकाल

केदारखेड्याच्या जत्रेत यंदा कुस्तीच्या फडावर बॉक्सिंग होणार आणि तिचा निकाल आपण द्यायचा, हे बद्रीनाथला कळलं तेव्हा तो जेवत होता. घास तोंडातच राहिला. बांधाची भांडणं मिटवण्यात त्याचा पंचक्रोशीत लौकिक होता. युक्ती साधी होती, दोघांचं ऐकून घ्यायचं आणि वादाची जागा मधोमध कापायची. त्यानं कोणी खूश होत नसे, पण कोणी रुसतही नसे. इथं मात्र मधोमध कापायची सोय नव्हती, कारण जत्रेच्या कारभाऱ्यांनी बक्षिसाचा फेटा एकच आणला होता.

लढणारे दोघंही मोठ्या लढाईवरून नुकतेच सुटून आलेले. एक बांगडीवाल्याचा चांदपाशा आणि दुसरा भुजंग, म्हणजे बद्रीनाथचा सख्खा मेव्हणा. एकाच पलटणीत दोघं हा खेळ शिकले होते. गावी आल्यापासून सरस कोण यावर त्यांची रोज हुज्जत चाले, आणि चहा मात्र ऐकणाऱ्यांना पाजावा लागे.

बद्रीनाथला खरी धास्ती होती ती घरची. दुर्गाबाईचा हा एकुलता एक भाऊ. मागं एकदा भुजंगाच्या बैलाला बद्रीनाथनं नावं ठेवली होती, तर आठ दिवस भाजी अळणी खावी लागली. जत्रेच्या सकाळी दुर्गाबाई एक अक्षर बोलली नाही. तिनं भाकरी वाढली आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात बद्रीनाथला पुढचं अख्खं वर्ष दिसलं.

त्याच्या जोडीला आणखी दोन पंच होते. एक रखमाजी, थकलेला जुना पैलवान, आणि दुसरा बदरोद्दीन शिंपी. तिघांनी मिळून आयुष्यात बॉक्सिंगची एकही लढत पाहिली नव्हती. म्हणून भुजंगानंच त्यांना नियम समजावले.

"हितं पाठ टेकवायची न्हाई. तीन फेऱ्या व्हतील. ठोसे कोनाचे जास्ती बसले, तेवढंच बघायचं."

"पाठच टेकली न्हाई तर मानूस हारला कसा?" रखमाजीनं विचारलं.

भुजंगानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. रखमाजीनं मान डोलावली, पण ती मोठ्या माणसानं लहानाचं मन राखायला डोलवावी तशी.

दोघांचे ठोसे एकदम तोंडी मोजणं बद्रीनाथला झेपणार नव्हतं. त्यानं पावशेर फुटाणे घेऊन उपरण्यात बांधले. चांदपाशाचा ठोसा बसला की एक फुटाणा उजव्या खिशात, भुजंगाचा बसला की एक डाव्या. ही अक्कल सुचल्यावर त्याला जरा हुशारी वाटली.

थाळी वाजली आणि दोघं एकमेकांभोवती फिरू लागले. कुस्तीला सरावलेले लोक "धर की, पट काढ" म्हणून ओरडत होते. मग ठोसे सुरू झाले आणि जो तो आपापल्या परीनं निकाल लावू लागला. कोणी म्हणे, ज्याला घाम जास्त तो खचला. कोणी डोळे मिटून आवाजच ऐकत होता, ज्याचा ठोसा मोठा वाजेल तो जिंकला. एका म्हातारीचं म्हणणं होतं की ज्याची आई आधी रडेल तो हरला, आणि ती लढत सोडून दोन्ही आयांकडे बघत बसली होती.

तिसऱ्या फेरीत तर कोणाचं पारडं जड ते देवालाही सांगता आलं नसतं. बद्रीनाथ उकिडवा बसला, पापणी लवेना. बायको, फेटा, सगळं तो विसरला. जत्रेत फुटाणे हाताशी असताना माणूस जे करतो, तेच त्याचा उजवा हात करत राहिला.

थाळी वाजली. रखमाजी म्हणाला, चांदपाशा जिंकला. "पुढं कोन सरकत व्हता? भुजंग तर तिन्ही फेऱ्या मागंच चालून राह्यला."

बदरोद्दीन म्हणाला, भुजंग. "दोघांची तोंडं बघा की. ह्याचं शाबूत हाय, त्याचा डोळा झाकला. बिलकुल साफ निकाल हाय."

सगळ्या जत्रेनं बद्रीनाथकडे पाहिलं. त्यानं डाव्या खिशात हात घातला, मोजून वीस फुटाणे निघाले. उजव्यात घातला. तीन फुटाणे आणि थोडी टरफलं. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपलं तोंड अजून हलतंय.

खरं सांगावं, तर चारचौघांत अब्रू जाणार. न सांगावं, तर चांदपाशाचा गळा कापला जाणार. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. पहिल्याच रांगेत दुर्गाबाई टक लावून बसली होती. बद्रीनाथनं तोंडातला घास गिळला.

"भुजंग जितला," तो म्हणाला. "वीस आन तीन."

"काका, म्या तीनच मारले?" चांदपाशानं विचारलं. "मंग ह्यो बरगड्या धरून का उभा हाय?"

बद्रीनाथनं दोन्ही खिशांतले फुटाणे सगळ्यांसमोर मोजून दाखवले. पुराव्यापुढं कोण बोलणार? फेटा भुजंगाच्या डोक्यावर चढला. चांदपाशाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बद्रीनाथला काही बघवलं नाही. घरी तरी गोडधोड असेल, असं मनाला समजावत तो परतला. चूल विझलेली होती आणि दुर्गाबाई उंबऱ्यात बसली होती.

"त्याला कशापायी जितवलं?"

"तुझा भाऊ हाय म्हनून," बद्रीनाथ पुटपुटला.

"भाऊ हाय म्हनूनच म्हन्ते. आल्यापासून औताला हात लावला न्हाई त्यानं. टेंभुर्णीची पोरगी ठरवलेली, तिला बी झुलवून राह्यला. आज हारला असता तर गुमान कामाला लागला असता. तुमी खरं तेच सांगाल म्हनून म्या सकाळपासून गप ऱ्हायले. आता म्हन्तो, शेत खंडानं देतो आन हैदराबादेला लढाया जातो."

"कवा?" बद्रीनाथनं जरा आशेनं विचारलं.

"पावसाळा झाल्यावर. तवर सराव पायजे म्हनं. हितंच."

तेवढ्यात वळकटी खांद्यावर घेऊन, फेटा बांधलेला भुजंग दारात उभा राहिला. एका हातात हातमोज्यांच्या दोन जोड्या होत्या.

"दाजी, रोज सकाळी म्होरं उभं ऱ्हायला कोनीतरी पायजे बघा," तो लाडात आला. "ठोशाची पारख तुमच्याएवढी गावात दुसऱ्या कोनाला न्हाई."

बद्रीनाथनं बायकोकडे पाहिलं. दुर्गाबाई उठली, तिनं भावाच्या हातातली एक जोडी घेतली आणि नवऱ्याच्या हातात चढवून तिच्या नाड्या घट्ट बांधून दिल्या.