अण्णांची टिचकी

अण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहा ओतायच्या आधीच त्यांनी रिकामा कप उचलला, नखानं टिचकी मारली, कानाशी नेला आणि माझ्या बायकोला परत दिला.

‘‘आतून गेलाय. दुसरा द्या.’’

बायकोनं दुसरा दिला आणि अण्णा गेल्यावर जे बोलायचं ते बोलली. त्याच आठवड्यात तो पहिला कप माझ्या मेव्हण्याच्या हातात फुटला. चहा गरम होता. मेव्हणा पुढं बरेच दिवस आमच्याकडं फिरकला नाही, आणि तेव्हापासून अण्णांविषयी माझ्या मनात आदर आहे.

अण्णा आमचे शेजारी. त्यांच्या वडिलांचं टेंभुर्णीला केस कापायचं दुकान होतं. अण्णांनी सोलापुरात नोकरी केली, पण निवृत्त झाल्यावर वडिलांचा धंदा त्यांच्या अंगात भलत्याच बाजूनं शिरला. ते कुणाची दाढी करत नाहीत, नुसते जुने वस्तरे दुरुस्त करतात. मंगळवार बाजारात भंगाराच्या ढिगातून वस्तरे शोधून आणायचे, गंज घासायचा, दगडावर धार लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचे. एवढं झाल्यावर तो वस्तरा कुणीही वापरत नाही. स्वतः अण्णांना छातीपर्यंत दाढी आहे.

चकाकीला त्यांच्या लेखी किंमत नाही. ‘‘वस्तरा मुठीखाली सडतो,’’ ते सांगतात. तिथं पाणी मुरतं, खिळ्यापाशी केसाएवढा तडा जातो आणि तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून अण्णा पातं मुठीतून सोडवतात, दोऱ्याला टांगतात आणि टिचकी मारतात. चांगलं पातं बारीक आवाजात वाजत राहतं. गेलेलं पातं नुसतं ‘ठक्’ करून गप्प बसतं.

हाच न्याय ते सगळ्या जगाला लावतात. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा माझा पेढा खात त्यांनी विचारलं, ‘‘मुठीखाली बघितलं का?’’ माझ्या भाचीला बघायला मुलगा आला, तेव्हाही अण्णा बैठकीत होते. पाहुणे गेल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. ‘‘वरनं लई चकचकीत हाय,’’ एवढंच ते म्हणाले. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, पण भाची अजून अण्णांशी बोलत नाही.

काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, या सगळ्यात पडत नाहीत. त्या शेंगाची चटणी कुटतात आणि कुटता कुटता गातात. आवाज बारीक, सूर पक्का. आमच्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येतो.

गेली दोनेक वर्षं मात्र अण्णांचा जगावरचा विश्वास उडत चालला होता. बाजारातून आणलेला प्रत्येक वस्तरा आतून गेलेला निघायला लागला. नाकारलेल्या पात्यांनी बिस्किटाचा डबा भरला. माणसंही बिघडली होती. ‘‘हल्ली कुणी तोंड उघडून बोलतच न्हाय. सगळी पुटपुटत्यात,’’ ते म्हणायचे. मग आम्ही सगळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागलो. आणि आणखी एक. अण्णा रोज संध्याकाळी काकूंसाठी गजरा आणायला लागले. ‘‘लग्नात हार घातला त्येवढाच. त्यानंतर फूल म्हणून आणलं न्हाय,’’ काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘‘आता काय झालंय काय की.’’ बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर उघडला.

मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा नातवाला घेऊन पुण्याहून येणार असं ठरलं. नातवाचं जावळ काढायचं होतं. अण्णांचं आणि पुढं त्यांच्या मुलाचं जावळ अण्णांच्या वडिलांनी ज्या वस्तऱ्यानं काढलं, तोच नातवाच्या डोक्याला लागावा, एवढीच अण्णांची इच्छा होती. मुलगा फोनवर ‘मशीननं करू की’ म्हणत होता.

वडिलांचा वस्तरा अण्णांनी तेलाच्या फडक्यात जपला होता. त्याची मूठ कधी सोडवली नव्हती. सोडवायच्या दिवशी मला बोलावून घेतलं.

ओसरीवर त्यांनी पातं टांगलं आणि टिचकी मारली. कान जवळ नेला. पुन्हा मारली. चेहरा उतरला.

‘‘गेला, मास्तर. बाचा वस्तरा आतून गेला. लेकराच्या डोक्याला न्हाय लावायचा मी.’’

ते पातं फडक्यात गुंडाळायला लागले. मला काही कळेना, कारण पातं छान वाजलं होतं.

‘‘अण्णा, वाजतंय की!’’

‘‘कुटं?’’

मी ते पुन्हा टांगलं आणि स्वतः टिचकी मारली. बारीक, लांब आवाज निघाला. अण्णा पात्याकडं बघतच नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. मग उठून त्यांनी बिस्किटाचा डबा आणला. मी एकेक पातं वाजवत गेलो, ते माझा चेहरा बघत गेले. एखाददुसरं सोडलं तर सगळी वाजली.

‘‘म्हंजे मीच गेलोय,’’ अण्णा म्हणाले. माझ्या कपाविषयी बोलले होते त्याच सुरात.

आत काकू चटणी कुटत होत्या. अण्णांनी थोडा वेळ तिकडं पाहिलं.

‘‘मास्तर, ही गाती का वो अजून?’’

‘‘गातात की! रोज गातात. आत्ताही गाताहेत.’’

अण्णा खाली बसले. ‘‘मला वाटलं, पोरगा पुण्याला गेला आन् हिचं गाणं बंद झालं. आतून गेली वाटलं. इचारायचं धाडस न्हाय झालं. म्हणून आपलं… गजरा.’’

मी पाती एकेक करून डब्यात परत ठेवायला लागलो.

ते आत गेले. काकूंनी कुटणं थांबवलं. ‘‘काय झालं?’’

‘‘काय न्हाय. गा तू,’’ अण्णा म्हणाले आणि त्यांच्या तोंडाकडं बघत समोर बसले.

जावळ वडिलांच्याच वस्तऱ्यानं निघालं. सकाळी टिचकी अण्णांनी मारली, कान मी लावला. कानाच्या डॉक्टरनं त्यांना यंत्र बसवायला सांगितलंय. त्यालाही अण्णांनी विचारलं, मुठीखाली बघितलं का?

गजरा अजून रोज येतो. काकूंना कारण कुणी सांगितलेलं नाही.