विहिरीतला पाहुणा

सुरुवातीलाच कबूल करतो. हिराजीकाकांच्या विहिरीतला मासा मी मारला. औषध टाकणारा माणूस वेगळा होता, ठराव सोसायटीच्या कमिटीचा होता. पण त्या सकाळी विहिरीभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांत, आत कोण आहे हे फक्त मला माहीत होतं.

'मासा' असं मी आता लिहितोय. काकांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. मासा पाण्यात असेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं आणि तो तळाला जातो. त्यामुळे पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून खाडीकडे निघाले की ते म्हणायचे, "पाव्हन्याला आनाया चाललोय." आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या एका भाडेकरूने एकदा आपुलकीने विचारलं, "स्टेशन से लाना है क्या, चाचा? रिक्षा बुला दूँ?" काका गंभीरपणे म्हणाले, "नको. तो पान्यातून येतो."

बाजारात बर्फावर पडलेल्या माशाचं नाव मात्र ते खुशाल, चार लोकांना ऐकू जाईल असं घेत. "त्याला ऐकू गेला तरी तो आता कुटं जानार?"

आमची बिल्डिंग मुर्ध्याला, पूर्वी हिराजीकाकांची भातशेती होती तिथे उभी आहे. पलीकडे मिठागरं होती, त्यापलीकडे खाडी. जमिनीच्या बदल्यात काकांना पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट मिळाला आणि बिल्डिंगच्या मागच्या कोपऱ्यात त्यांच्या शेतातली जुनी विहीर तशीच राहिली. तिच्यावर लोखंडी जाळी बसवली. पाणी कोणी वापरत नसे. काकी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. काकांचा सगळा जीव खाडीत आणि त्या विहिरीत.

मी लालबागहून इथे राहायला आलो. मूळचा मालवणकडचा, त्यामुळे मासे आपल्याला कळतात अशी माझी समजूत. पहिल्याच भेटीत मी सुरमईचं कौतुक केलं आणि फसलो.

"सुरमई?" काका म्हणाले. "परब, ती बर्फातला मुर्दा हाय. दर्यात मेली, ट्रकात फिरली, मंग चार दिसांनी तुला भेटली. तुजी तिची वलख मेल्यावरची!"

बायकोने त्यांना जेवायला बोलावलं. भरपूर खोबरं वाटून केलेलं आमचं मालवणी कालवण त्यांनी दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाले, "वैनी, कालवन बेस झालाय. निस्ता यात मासा कंचा व्हता तेवडा सांगा." बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग काकांनीच एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून खाडीच्या माशाचं कालवण केलं. लसूण ठेचलेला, कैरी, त्यांचा घरचा मसाला, बस. खोबऱ्याला हात लावू दिला नाही. चमचाही घालू दिला नाही. "टोप हालवायचा. चमचा घातला का तुकडे मोडतात. त्याला जित्तेपनी कुनी ढवललेला का?" त्या दिवसापासून आमच्या घरात सुरमईचं नाव जरा हळू आवाजात निघू लागलं.

माझी मुलगी मानसी तेव्हा कॉलेजात होती. ती काकांबरोबर खाडीवर जायची. एकदा जाळ्यात वीतभर लांबीचं जिताड्याचं पिल्लू आलं. मानसी म्हणाली, "काका, सोडा ना, केवढासा आहे!" काकांनी ते बादलीत घालून आणलं आणि विहिरीत सोडलं. "बरा. मोटा होऊ दे."

तो मोठा होत राहिला. रोज संध्याकाळी काका बादलीत करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घेऊन विहिरीवर जायचे आणि बादली कठड्यावर तीनदा वाजवायचे. ठण, ठण, ठण. मिनिटभरात खालून चंदेरी पाठ वर यायची. चार वर्षांत तो सहज पाच किलोचा झाला असेल. कोणासाठी ठेवलाय, हे विचारलं तर काका सांगत नसत. "ज्याचा हाय त्याला जाईल."

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा त्यांनी मला विहिरीपाशी नेलं. "हिरीत काय टाकायचा झाला तर आदी मना सांग. मी पाव्हन्याला भाईर काढीन. बाकी कुनाला बोलू नको. अर्धे लोक नाक दाबतील, अर्धे रस्सा मागाया येतील." मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला.

पाऊस सरता सरता डास वाढले. दोन घरांत डेंग्यू झाला. मीटिंगमध्ये सगळ्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. औषध टाकायचं ठरलं, तेही दोनच दिवसांनी. काका उरणला आजारी बहिणीकडे गेले होते. त्यांच्याकडे फोन होता, पण तो ते घरी, कपाटात ठेवत. पाण्यात पडू नये म्हणून.

त्या मीटिंगमध्ये मला एवढंच म्हणायचं होतं, की विहिरीत एक मासा आहे, दोन दिवस थांबा. पण समोर आमचे चेअरमन शहाकाका बसले होते. ते कांदासुद्धा खात नाहीत. खाण्यासाठी मासा पाळलाय म्हटल्यावर ते काय म्हणतील, मागे घरोघरच्या मासळीच्या वासावरून झालेला तंटा परत उकरला जाईल का, हे सगळं माझ्या डोक्यात फिरलं आणि मी मिनिट्सच्या वहीत खाली मान घालून 'एकमताने मंजूर' असं लिहिलं.

औषधवाला आला त्या सकाळी मी स्वतःला समजावत होतो, की विहीर खोल आहे, तो तळाला जाईल, वाचेल. पावडर पडली. दहा मिनिटं काही नाही. मग पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. पुन्हा झाला. वॉचमन तिवारी जाळीवर वाकला. "साहब, अंदर कुछ उछल रहा है! बड़ा है!"

शहाकाकांनी माझ्याकडे पाहिलं. हिराजीकाकांची बादली दोरीसकट तिथेच कठड्याला टांगलेली होती. जाळीचं दार उघडून ती खाली सोडली असती तर कदाचित अजूनही जमलं असतं.

"मेंढक होगा," मी म्हणालो.

आणखी तीन वेळा आवाज झाला. मी मोजले. मग थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर आला होता. शहाकाका पाहतच राहिले. "अरे परबभाई, इतनी बड़ी मछली! आपको मालूम था?" मी खाली बघत मान डोलावली. "बोलना था ना! मैं दवाई डालने देता क्या? जीव है, भाई. हम तो कीड़ी को भी नहीं मारते." ज्यांच्या भीतीने मी तोंड उघडलं नाही, त्यांनीच त्याला वाचवलं असतं. मी आणि तिवारीने तो कुंपणालगतच्या नारळाखाली पुरला. तिवारीला म्हटलं, काकांना सांगू नकोस. तो म्हणाला, "मैं नहीं बोलूँगा, साहब. मगर बोलना आपको चाहिए."

काका बारा दिवसांनी परतले. मी ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी सांगायचं. त्याऐवजी मी त्यांच्या दारात मानसीच्या लग्नाची पत्रिका घेऊन उभा राहिलो, कारण पत्रिका द्यायला जाणं सोपं होतं.

त्यांनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरून वाचली. मग आत जाऊन सुपारी घेऊन आले, तिच्यावर ठेवली आणि हसले. "आता सांगतो कोनासाटी ठेवलाय त्यो. आमच्यात जावई पयल्यांदा घरी आला का त्याच्या ताटात पाव्हन्याचा मुंडका वाडतात. मना पोर न्हाय. मंग मी कोनच्या जावयाला वाडू? मानसीच्या. तिनंच वाचवलाय त्याला. लगीन झाला का जोडीला माज्याकडं जेवाया धाडायचा. टोप मी हालवीन."

"हो, पाठवतो," असं म्हणून मी जिना चढलो.

त्या संध्याकाळपासून सुरू झालं. ठण, ठण, ठण. आमची गॅलरी विहिरीच्या बरोबर वर. मी पडद्याआड उभा राहायचो. काका वाजवायचे, थांबायचे, जाळीतून खाली बघायचे, परत वाजवायचे. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. "पाव्हना रुसलाय, परब. वर येत न्हाय." एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "हवा बदललीय ना, काका." ऑफिसात टेबलावर कोणी पेन आपटला तरी मी दचकायला लागलो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? माझा मासा होता का?" मानसीने विचारलं, "बाबा, काका इतका वेळ का वाजवतात हो आजकाल?" मी गॅलरीचं दार लावून घेतलं. आवाज दारातूनही यायचा.

आठव्या संध्याकाळी मी खाली उतरलो. शर्टाची बटणं लावता लावता उतरलो, कारण थांबलो असतो तर परत फिरलो असतो. काका माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"काका, तो नाहीये," मी म्हणालो. "मी मारला त्याला. तुम्ही उरणला होतात तेव्हा. मला मीटिंगमध्ये बोलता आलं असतं. तो उड्या मारत होता तेव्हाही बोलता आलं असतं. बेडूक असेल, असं मी म्हणालो."

ते वळले नाहीत.

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "आलो त्याच दिशी समाजला. पान्याला औषदाचा वास मारत व्हता. नारलाखाली माती नवी व्हती. मी खाडीवरचा मानूस, मना एवडा बी कलनार न्हाय?"

मग मी मूर्खासारखं विचारलं, "मग इतके दिवस बादली कोणासाठी वाजवत होतात?"

"तुला बोलवाया."

मी बादलीकडे पाहिलं. आत करंदी नव्हती. बादली कोरडी होती. आठही दिवस कोरडीच असणार, म्हणून तर एवढी वाजत होती.

"तू पडद्याआड दिसायचास," काका म्हणाले. "मना वाटायचा, आता येल, मंग येल. तू पन त्याच्यावानी लय खाली जाऊन बसलेलास." त्यांनी बादली कठड्यावर उपडी ठेवली. तळावरून हात फिरवला. "लय चांगला जिताडा व्हता रं, परब."

चार वर्षांत त्यांनी त्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं. आता ऐकायला खाली कोणी नव्हतं.

मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, त्यांना माझं तोंड दिसेल असा. आणि जे मीटिंगमध्ये, विहिरीपाशी, पत्रिका देताना आणि जिन्यात माझ्या घशात अडकलं होतं, ते म्हणालो.

"काका, मी तुम्हाला शब्द दिला होता आणि मी घाबरलो. मला माफ करा."