तो म्हणते तिले

सुधाकर सोमवारी दुपारी गेले. जेवण झालं होतं. हात धुवायला उठले आणि बेसिनपाशी पडले. टीव्ही चालू होता. टीव्हीवर तो होता, गादीची जाहिरात करत.

शेवटचं त्यांनी कोणाकडे पाहिलं असेल, हे भेटायला आलेल्यांपैकी कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारत नाही. मी स्वयंपाकघरात होते, एवढं पुरे.

तो म्हणजे एक नट. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझ्या घरात पुरेसं घेतलं गेलं आहे. माझे यजमान सुधाकर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकत होते तेव्हा तिथल्या एका टॉकीजला त्याचा एक प्रेमाचा पिक्चर लागला होता. तो त्यांनी पाहिला, आणि मग पाहतच राहिले. किती वेळा पाहिला याचा आकडा कधी पक्का नव्हता. आमचं लग्न ठरलं तेव्हा तो दहाच्या आसपास होता. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी माइकवरून सांगितला तेव्हा पंचविशीच्या पुढे गेला होता. मधल्या काळात ती टॉकीज पाडून तिथे मंगल कार्यालय झालं होतं.

ते कृषी सहायक होते. जवळजवळ सगळी नोकरी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात गेली. पिक्चरमधला तो डोंगरातल्या गावी राहतो आणि खांद्यावर पिवळं स्वेटर टाकून, बाह्या गळ्याशी बांधून हिंडतो. नांदगावात डोंगर नाही, आणि थंडी येते ती पाहुण्यासारखी, बॅग न उघडता परत जाते. तरी सुधाकर पिवळं स्वेटर खांद्यावर टाकून मोटरसायकलवर शेतं पाहायला जात. एप्रिलातसुद्धा. आजूबाजूच्या लोकांच्या खांद्यावर घाम पुसायला दुपट्टा असे. त्यांतलं कोणीतरी विचारीच, "साहेब, हिव भरलं का?"

"नाही गा," हे म्हणत. "स्टाइल हाये."

त्यांच्या मागे बसून फिरणारे सहकारी गजाननभाऊ माझ्याकडे तक्रार करत. "वहिनी, उन्हाळ्यात मले लय लाज वाटते. लोक समजते का मी पेशंट घेऊन दवाखान्यात चाललो."

कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते; त्या वासाने नर पतंग येतात आणि अडकतात. हे समजावून द्यायला इतर लोक भिंतीवर तक्ता टांगत. सुधाकर पिक्चर सांगत.

"आता पाहा, हा पतंग म्हंजे आपला हिरो. त्याले वास आला. निघाला. चार शेतांचे धुरे ओलांडून उडत उडत आला. अन् येऊन पाहते तं काय? पोरगीच नाही! नुसता वास!" मग आवाज खाली आणून म्हणत, "लय वाईट काम हाये बाप्पा हे. पण बोंडं वाचवा लागते."

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मंग साहेब, पिक्चरमंधी तरी भेटते का नाही ते त्याले?"

"भेटते ना! नाहीतं मी इतक्या खेपा काहून पाहिला असता?"

त्या गावात सापळे सगळ्यांनी लावले, असं गजाननभाऊ सांगतात. बहुतेक पतंगाची दया येऊनच लावले असतील.

मी अमरावतीच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होते. मला पाहायला आले तेव्हा त्यांच्या मंडळींनी शिक्षण, नोकरी, बदली, सगळं विचारून घेतलं. यांनी एकच विचारलं. "पिक्चर पाहता का?"

"नाही. वाचते."

ते जरा खचले. मग म्हणाले, "चालते. मी पाहीन, तुमी वाचा."

आमचा संसार त्या वाटणीवर चालला. तो पिक्चर मी कधी पाहिला नाही. आधी वेळ नव्हता म्हणून, नंतर जिद्द म्हणून. जिद्दीला कारण होतं.

आमच्याकडच्या पुरुषांना गोड बोलणं जमत नाही. बायकोची चौकशीसुद्धा ते भांडण उकरल्यासारखी करतात. "जेवली नाही काहून अजून?" याच्या पुढे आमच्याकडचं प्रेम सहसा जात नाही. सुधाकरांचं जाई. पण ते स्वतःच्या नावावर जात नसे. मी पुस्तक घेऊन बसले की पलंगावरून आवाज येई, "तो म्हणते तिले, तुह्या पान पलटवाचा आवाज आला का मले झोप लागते."

"ती वाचते का पिक्चरमध्ये?"

"मंग! चष्मा लावून वाचते."

वरणात मीठ विसरले तर, "तो म्हणते तिले, मीठ नसलं तं नसलं व, तू जेवाले सोबत बस." माझी कॉलेजात कोणाशी खडाजंगी झाली आणि मी घरी तोंड फुगवून बसले तर, "तो म्हणते तिले, जगावर रागव, पण दार माह्या हातानं लाव."

आता सांगा, चिडू नको तर काय करू? चष्मा लावून वाचणारी, मीठ विसरणारी, भांडकुदळ बाई सिनेमात नायिका होते, आणि तिला असं बोलणारा मिळतो. मी मनातल्या मनात तिच्याशी स्वतःला ताडून पाही. ती गोरी असणार. उंच तर असणारच. आणि तिच्यावर जळून झालं की मी त्याच्यावर जळे. माझ्या नवऱ्याजवळ माझ्यासाठी एक वाक्य स्वतःचं नाही. जे आहे ते त्या नटाचं, दुसऱ्या बाईसाठी म्हटलेलं. ग्रंथालयातून पुस्तक घरी आणावं तसं. वाचायला आपल्याला, आणि आत शिक्का दुसऱ्याचा.

एकदा मी सरळच विचारलं, "तुमचं स्वतःचं काही म्हणणं नाही का हो?"

सुधाकरांनी बराच विचार केला. "माह्यं काय व," ते म्हणाले, "मी कपाशीवर बोलतो."

स्टेशनचा प्रकार तर अमरावतीतच होऊ शकतो. मी काही दिवस अकोल्याला प्रशिक्षणासाठी गेले होते. परत येणार त्या दिवशी सुधाकरांनी कळवलं, स्टेशनवर येतो. अकोल्याहून नागपूरकडे जाणारी ती गाडी अमरावतीत येत नाही. ती बडनेऱ्याला थांबते आणि पुढे निघून जाते. बडनेऱ्याला उतरून ऑटोने शहरात यायचं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी बडनेऱ्याला उतरले. सुधाकर नव्हते. वाट पाहिली, ऑटो केला, घरी आले, कुलूप उघडून चहाही करून प्याले. तेव्हा हे आले. खांद्यावर स्वेटर, हातात शेवंतीची फुलं, माना टाकलेली.

"कुठे होता?"

"स्टेशनवर."

"कोणत्या?"

"आपल्या. अमरावतीच्या."

"तिथे ही गाडी येत नाही, माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत हाये व. पण बडनेऱ्याले गाडी पुढं चालली जाते. आपल्या स्टेशनात रूळच संपते." त्यांनी फुलं टेबलावर ठेवली. "तो म्हणते तिले, जिथं रूळ संपते तिथं मी उभा राहीन. म्हंजे तू पुढं निघून जाणार नाही."

"मग तिलाच आणायला जायचं," मी म्हटलं. "माझी गाडी बडनेऱ्याला येते."

फुलं मी पाण्यात ठेवली, पण दोन दिवस बोलले नाही.

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक बोलायला उठले. कोणी त्यांच्या सरळपणाबद्दल बोललं, कोणी नोकरीबद्दल. गजाननभाऊ उठले आणि स्वेटर सांगितलं, पतंग सांगितले, "तो म्हणते तिले" सांगितलं. मांडव हसला. भंतेजीही हसले. मी खाली पाहत बसले होते. आपला माणूस गेला, आणि त्याच्या निरोपालाही हा नट हजर. वर तो जिवंत, वयाने यांच्यापेक्षा मोठा, केस काळेभोर. माझा नवरा माझा किती होता आणि त्याचा किती, हे एकदा मला कळायला हवं होतं. विचारायचा माणूस मात्र उरला नव्हता.

काही दिवसांनी मी अकोल्याला शांताताईंकडे गेले. ताई म्हणजे सुधाकरांची मोठी बहीण. शिकत असताना ते त्यांच्याकडेच राहत. दुपारी जेवणं आटोपल्यावर ताई म्हणाल्या, "विमल, त्याचा तो पिक्चर लाव व टीव्हीवर. आता काहीबी लागते म्हणते यात."

"तुम्ही पाहिला नाही?"

"मले कोण नेते? तो पाहून ये अन् मले सांगे. माही तव्यावर भाकर, अन् याचा पिक्चर चालू."

मी लावला. ज्या गोष्टीला जन्मभर नकार दिला ती त्यांच्या बहिणीच्या शेजारी बसून पाहायची, हे मला सोपं गेलं नाही. तो आला. पिवळं स्वेटर होतं. दिसायला चांगला होता, हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

"नाक आपल्या सुधासारखं नाही बरं," ताई म्हणाल्या.

"नाहीच. यांचं बरं होतं."

"होतंच मुळी."

मी वाक्यांची वाट पाहत होते. तो गात होता. दरीत गाऊन झालं, नावेत गाऊन झालं, एका झाडाला हात लावून गाऊन झालं. गाणं संपलं की तो मान तिरपी करून पाही आणि पुढचं गाणं लागे. बोलायचं काम बहुतेक नायिकेच्या वडिलांकडे होतं.

"हा मुका हाये का व?" ताईंनी विचारलं.

नायिका टेनिस खेळत होती. गोरी होती, उंच होती, तिथे माझा अंदाज चुकला नाही. घरात स्वयंपाकाला माणसं होती. पुस्तक तिच्या हातात एकदा आलं, ते तिने त्याला फेकून मारलं. चष्मा वडिलांना होता. मी सोफ्याच्या कडेला सरकले. वाटलं, मध्यंतरानंतर असेल.

मध्यंतरानंतर ताई चुळबुळ करू लागल्या. "याची बहीण कधी येते?"

"कोणाची?"

"याची. हिरोची. मोठी बहीण राहते ना याले. पहाटे उठून याचा डबा करते. मंग तो म्हणते तिले, बाई, तुह्या हातचा डबा मी लवकर उघडत नाही. उघडला का मले घरी यावंसं वाटते." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मले सुधानं सांगतलं ना. चुलीपाशी बसून. मी रडली होती व ऐकून."

आम्ही शेवटपर्यंत पाहिलं. बहीण आली नाही. त्या पिक्चरात तो अनाथ आहे.

टीव्ही मी बंद केला. ताई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लबाड. किती लबाड पोट्टा व तो."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी ताईंचा हेवा वाटला. तो डबा, ते वाक्य, माझ्या कित्येक वर्षं आधी त्यांना मिळालं होतं.

अमरावतीला आल्यावर मी गजाननभाऊंना फोन केला. "भाऊ, गाडीवर हे तुम्हाला पिक्चर सांगत ना?"

"रोज! कान किटले होते, वहिनी. आता कोणी सांगत नाही तं रस्ता सरत नाही."

"काय काय सांगत?"

"म्हंजे, हिरो काय म्हणे ते?"

"हो," मी म्हटलं. "हिरो काय म्हणे ते."

त्यांनी आठवून पाहिलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "एक होतं पाहा. पण ते तो तिले म्हणत नाही. मनातल्या मनात म्हणते. म्हणते का, इनं एवढी पुस्तकं वाचून ठेवली. आता मी काहीबी बोललो तं ते इले आधीच माहीत असन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोणत्या सीनला हाये ते आठवत नाही मले," गजाननभाऊ म्हणाले. "तुमी पाहिला का पिक्चर?"

"पाहिला."

"हाये ना त्यात?"

"आहे," मी म्हटलं. "आणखी आठवलं तर सांगाल?"

"लय हायेत, वहिनी. येतो ना मी घरी."

आता ते रविवारी येतात. चहा घेतात, आठवेल तेवढं सांगतात, आणि मी तोंडावर काही न दाखवता ऐकते. त्यांचं नशीब चांगलं. रोज मागच्या सीटवर बसून त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मी पुष्कळदा "पुरे हो" म्हणून पान उलटत असे. सुधाकरांची काही वाक्यं अकोल्याला ताईंकडे आहेत. बरीचशी गजाननभाऊंकडे आहेत. माझ्याकडे थोडी आहेत.